दर स्वस्त होता, मापं महाग पडली

घराचं काम काढणार असाल, तर हे वाचून मगच कुणाच्या हातात ॲडव्हान्स ठेवा. आमच्याकडे कामं दोनच होती: एका खोलीचा रंग आणि बाथरूमच्या टाइल्स. आलेल्या कोटेशनांपैकी ज्या कॉन्ट्रॅक्टरचा चौरस फुटाचा दर सर्वांत कमी, त्याला काम दिलं. शेवटचं बिल मात्र सर्वांत महाग कोटेशनच्याही वर गेलं, आणि ठरलेला दर त्याने एका पैशानेही वाढवला नव्हता.

बिल आल्यावर मी टेप घेऊन खोली मोजली. खोली १२ बाय १०, म्हणजे चार भिंतींची लांबी ४४ फूट. बिलात उंची १० फूट धरून ४४० चौरस फूट लावले होते. पण आमचं फॉल्स सीलिंग ९ फुटांवर आहे, त्याच्या वर ब्रश लागलेलाच नाही. म्हणजे झाले ३९६. त्यातून ७ बाय ३ चा दरवाजा आणि ५ बाय ४ ची खिडकी असे ४१ वजा केले की उरतात ३५५. बाकीच्या ८५ चौरस फुटांवर रंग लागलेलाच नाही, तरी त्याचे पैसे लावले होते. प्रत्यक्ष कामाच्या जवळपास २४ टक्के जास्त! खिडकीच्या आतल्या कडाही रंगवाव्या लागतात, म्हणून काही जण खिडकीची पूर्ण वजावट देत नाहीत. त्यात तथ्य आहे. याने मात्र वजावट दिलीच नाही, वर त्याच कडा रनिंग फुटात, म्हणजे नुसत्या लांबीच्या मापाने, वेगळ्या लावल्या. मापं कधी घेतली, ते घरात कुणालाच माहीत नव्हतं.

बाथरूमचा प्रकार याहून वाईट. कोटेशनमध्ये 'बाथरूम टाइल्स, लेबरसह' एवढी एकच ओळ होती. जुन्या टाइल्स फोडून झाल्या, नळ बंद झाले, मलबा पोत्यांत भरून दारात येऊन पडला आणि मग एकेक एक्स्ट्रा निघायला लागलं. मलबा उचलणं वेगळं. उघड्या पडलेल्या भिंतीचं प्लास्टर वेगळं. पाइपांसाठी भिंतीत खाचा पाडणं वेगळं. टाइल्सचे जॉइंट भरणं, तेही वेगळं! यातलं एकही काम अचानक उपटलेलं नव्हतं. टाइल्स बदलायच्या म्हटलं की ही कामं येतातच, आणि ती त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. तेव्हाच सांगितली असती, तर त्याचं कोटेशन सर्वांत स्वस्त दिसलं नसतं. निम्म्याहून जास्त रक्कम आधीच त्याच्याकडे गेलेली, घरात वयस्कर माणसं, आणि बाथरूम फोडून ठेवलेलं. अशा वेळी माणूस काम थांबवू शकत नाही, हे हेरूनच हे दर सांगितले जातात. पैशापेक्षा मला राग त्याचा आहे.

टाइल्सचा हिशोबही बघा. बाथरूम ८ बाय ५, टाइल्स ७ फुटांपर्यंत. भिंतींचे १८२, त्यातून दरवाजाचे साडेसतरा वजा, फरशीचे ४० अधिक. एकूण साधारण २०५ चौरस फूट. कापाकापीत वाया जाणारा माल १० टक्के धरला तरी २२५ ला काम भागतं. बिलात ३०० होते. न उघडलेले खोके 'दुसऱ्या साइटवर लागतील' म्हणत तो टेम्पोत घालून घेऊन गेला, दुकानाचं बिल त्याच्याच नावावर. खोक्यावर नग आणि क्षेत्रफळ दोन्ही छापलेलं असतं. माल उतरताना खोके मोजा, फोटो काढा, बिल स्वतःच्या नावावर घ्या आणि उरलेले खोके परत घेणार का, हे दुकानदाराला आधीच विचारा.

वॉटरप्रूफिंग झाल्यावर टाइल्स बसवण्याआधी पाण्याची वाट बंद करून फरशीवर निदान २४ तास पाणी साठवून ठेवायचं आणि खालच्या छताला ओल येते का ते बघायचं, ही साधी चाचणी. 'आमच्या केमिकलला गरज नाही' म्हणून ती त्याने टाळली. तसं कुणी म्हणालं, तर पुढचा हप्ता तिथेच थांबवा.

टेप धरून समोर उभं केल्यावर भिंतीचे ८५ फूट त्याने निमूटपणे कमी केले. टाइल्सचे पैसे काही परत आले नाहीत.

आता कुणी विचारलं, तर मी दराबद्दल बोलतच नाही. आधी कामांची यादी स्वतः बनवा: फोडणं, मलबा, प्लास्टर, वॉटरप्रूफिंग, टाइल्स, जॉइंट, पुट्टीचे आणि रंगाचे किती हात, सगळं. तीच यादी प्रत्येकाला देऊन ओळीगणिक भाव मागा. एकाचा एकरकमी आकडा आणि दुसऱ्याचा चौरस फुटाचा दर यांची तुलना होऊच शकत नाही. मापं दोघांनी मिळून घ्या आणि कागदावर दोघांच्या सह्या करा. पैसे झालेल्या कामाच्या टप्प्यानेच द्या. शेवटचे ५ ते १० टक्के काही महिने हातात ठेवायचे, हे कामाला हात लागण्यापूर्वी ठरवा. जो प्रामाणिक आहे, त्याची याला सहसा हरकत नसते. आणि एक ओळ कोटेशनवर लिहूनच घ्या: वाढीव कामाचा दर लेखी मंजूर झाल्याशिवाय ते काम बिलात धरलं जाणार नाही.