गरम झाल्यावर बंद पडणारी गाडी आणि ओबीडी स्कॅनर: काही महिन्यांच्या वापरानंतर

गाडी तापली की बंद पडते अशांनी ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या सॉकेटला लावून इंजिनाची माहिती फोनवर दाखवणारी डबी) घ्यावा का? घ्यावा. पण 'कोड (गाडीने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक) वाचला की कुठला पार्ट गेलाय ते कळेल' या आशेवर घेणार असाल तर राहू द्या. कोड वाचणं हा त्याचा सगळ्यात कमी उपयोगाचा भाग आहे.

माझ्या गाडीचं (पेट्रोल, मॅन्युअल गिअर) दुखणं असं होतं: थंड असताना निर्धास्त चालायची. कुलंट ९० अंशांच्या पुढे गेलं, त्यात रखडत जायची वेळ आली, की धक्का नाही, मिसिंग नाही, सरळ बंद. मग कितीही सेल्फ मारा. बॉनेट उघडून बराच वेळ थांबलं की काही झालंच नव्हतं अशी सुरू. गॅरेजला पोचेपर्यंत इंजिन गार, आणि गार इंजिनात सगळं ठणठणीत. मेकॅनिकला तरी काय सापडणार? चेक इंजिनचा दिवाही लागत नव्हता. त्यामुळे स्कॅनर लावल्यावर पहिलं उत्तर आलं, एकही कोड नाही. बरेच जण इथेच डबी काढून ड्रॉवरमध्ये टाकत असतील.

खरं काम केलं ते ॲपमधल्या लाइव्ह डेटाच्या रेकॉर्डिंगने. ईएलएम३२७ या चिपच्या जातीचे साधे अडॅप्टर (म्हणजे अशा डब्या) संथ असतात, एकेक आकडा विचारून आणतात. वीस गोष्टी निवडल्यात तर नेमका हवा तो क्षण निसटतो. मी चारच ठेवल्या: आरपीएम, गाडीचा वेग, कुलंटचं तापमान आणि शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम (इंजिन त्या क्षणी पेट्रोल किती टक्के वाढवतंय किंवा कमी करतंय तो आकडा).

एकदा चालत्या गाडीत, गिअर टाकलेला असताना इंजिन गेलं, आणि त्या आलेखाने डबीचे पैसे वसूल झाले. वेग ताशी ४० किमीच्या आसपास आणि आरपीएम एका झटक्यात शून्य. क्लच दाबलेला नाही, गाडी गिअरमध्ये, म्हणजे चाकंच इंजिनाला फिरवताहेत. क्रँकशाफ्ट फिरतोय यात शंका नाही. तरी ईसीयूच्या, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या, लेखी शून्य! म्हणजे फिरण्याची खबर देणारा क्रँक सेन्सर, नाहीतर त्याची वायर, गप्प झाली होती. पेट्रोल कमी पडलं असतं तर आरपीएम वेगाबरोबर उतरले असते, आणि बहुधा आधीपासून ट्रिम अधिकच्या बाजूला चढत गेली असती. माझी ट्रिम शेवटपर्यंत शून्याच्या आजूबाजूला होती. नंतर सेल्फ मारतानाही तेच: स्टार्टर इंजिन फिरवतोय आणि ॲपवर शून्य. गार असताना तिथे दोनशेच्या आसपास आकडा दिसायचा.

तोवर सगळ्यांचा संशय पेट्रोल पंपावर होता, कारण गाडी बंद पडल्यावर पंपाचा आवाज येत नसे. पण इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत क्रँकचा सिग्नल गेला की ईसीयू स्वतःच पंपाचा रिले (वीज चालू-बंद करणारा स्विच) सोडतो. पंप गप्प आहे तो हुकमावरून, मेला म्हणून नव्हे. या एका गोष्टीपायी किती चांगले पंप बदलले जात असतील कोण जाणे.

खात्री मल्टिमीटरने केली. माझा सेन्सर दोन तारांचा, कॉइलवाला. काढून गार असताना मोजला तर काही शे ओहम. हेअर ड्रायरने तापवला तर सर्किट उघडं, म्हणजे आतली तार तुटल्यासारखी. (हॉल जातीच्या, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक चिप असलेल्या, सहसा तीन तारांच्या सेन्सरला ही परीक्षा लावू नका, त्यातून काही कळत नाही.) सेन्सर बदलला. त्यानंतर कडक उन्हातही गाडी बंद पडलेली नाही.

दुखणं वेगळं असतं तर? कुलंट सेन्सर खोटं बोलत असेल तर तापलेल्या इंजिनाला ॲप २० अंश दाखवतं, ते लगेच दिसतं. थ्रॉटल बॉडीत (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेत) कार्बन साचला असेल तर गाडी आयडलवर डळमळून जाते, वेगात सहसा नाही. तापल्यावर कमजोर होणारा इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग) मात्र असा थेट दिसत नाही. पी०३०० च्या घरातला मिसफायरचा कोड आला तर आला. माझ्या गाडीत इंधनाचा दाबही ॲपला वाचता येत नाही, त्यासाठी गेजच लावावा लागेल.

तक्रारी आहेत. फोनची स्क्रीन बंद झाली की रेकॉर्डिंग थांबतं, म्हणून फोन चार्जरला लावून स्क्रीन चालू ठेवावी लागते. एबीएस आणि एअरबॅगचे कोड माझ्या अडॅप्टरला कळत नाहीत. 'कोड पुसा' हे बटण इतकं ठळक आहे की हात तिकडेच जातो. पुसलंत तर बिघाडाच्या क्षणीचे जपलेले आकडे, म्हणजे फ्रीझ फ्रेम, तेही जातात. आधी लिहून ठेवा, मग पुसा.

आणि डबी कायम लावून ठेवू नका. ओबीडी सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनला चावी काढल्यावरही बॅटरीचा करंट असतो. गाडी काही आठवडे उभी राहिली तर सकाळी सेल्फच लागणार नाही, आणि त्यात सेन्सरचा काही दोष नसेल.