इस्त्रीची वायर बदलताना गाळलेली तिसरी तार

विजेच्या लहान उपकरणाची वायर खराब झाली की दुकानात देऊन ती बदलून आणणे हे इतके साधे काम समजले जाते की त्यात कोणी फसवेल आणि ती फसवणूक एखाद्याच्या जिवावर बेतेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. नागपुरात सीताबर्डीवरच्या एका दुकानात आमच्या इस्त्रीच्या बाबतीत जे घडले ते मी मुद्दाम सविस्तर लिहीत आहे, कारण अशाच रीतीने ‘दुरुस्त’ झालेली उपकरणे इतर घरांतही रोज वापरली जात असणार, ही काळजी मला स्वस्थ बसू देत नाही.

आमची इस्त्री जुन्या घडणीची, जड, १००० वॅटची असून तिचे वरचे आवरणही धातूचेच आहे. वायर जेथून इस्त्रीत शिरते तेथील रबरी स्लीव्ह वाकून वाकून फाटली होती, वायरीवरचे सुती विणीचे आवरण उसवले होते आणि वायर विशिष्ट बाजूला वळवून धरली तरच इस्त्री चालू होत असे. एकदा चालू झाली की ती नेहमीसारखी तापतही असे. दोष वायरीतच होता, हे यावरून उघड होते. तरीही इस्त्री दुकानात दिल्यानंतर संध्याकाळी दुकानदाराचा फोन आला, “काकू, नुसत्या वायरीनं भागत नाही, आतलं एलिमेंटसुद्धा जळलं आहे. दोन्ही बदलून देतो, माल कंपनीचाच लावतो, काळजी नका करू.” एलिमेंटचे, म्हणजे इस्त्री तापवणाऱ्या आतल्या भागाचे, ४००, वायरीचे १८० आणि मजुरीचे १०० असे ६८० रुपये त्याने घेतले. गल्ल्याजवळच्या बोर्डावर इस्त्री लावून दिवा लागल्याचे दाखवले, तळावर पाण्याचा थेंब टाकून तो चर्रकन उडालेला दाखवला, आणि जुने सामान मागितले तेव्हा ते भंगारात गेल्याचे सांगितले. पावती म्हणून मिळाली ती दुकानाचे नाव नसलेली, हाताने आकडे लिहिलेली एक चिठ्ठी.

या ठिकाणी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जळून तुटलेले एलिमेंट वायर कशीही वळवली तरी तापत नाही. वायर हलवल्यावर जे उपकरण चालू-बंद होते आणि चालू असताना व्यवस्थित काम करते, त्याचे एलिमेंट शाबूत असते. तेव्हा अशा उपकरणाबाबत कोणी फोनवरून एलिमेंट जळल्याचे सांगू लागला, तर ते आपल्यासमोर मीटर लावून दाखवल्याशिवाय मान्य करू नये.

प्रकार उघडकीस आला तो भर उन्हाळ्यात. पारा ४५ अंशांच्या आसपास, अंगाला घाम, नुकतीच पुसलेली फरशी आणि पायात चप्पल नाही, अशा स्थितीत माझी सून कपडे इस्त्री करत असताना तिचा हात धातूच्या आवरणाला लागला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. तिने तत्काळ बटण बंद करून सॉकेटमधून टॉप, म्हणजे वायरीच्या टोकाचा प्लग, काढला. आमची इमारत जुनी आहे आणि वीज गळताच पुरवठा तोडणारा ईएलसीबी आमच्या बोर्डावर नाही. झिणझिण्यांवर निभावले, हे आमचे नशीब.

दुसऱ्या दिवशी मानेवाडा भागातील एका इलेक्ट्रिशियनकडे इस्त्री नेली आणि आमच्यासमोरच उघडायला सांगितली. त्या भाऊंनी मागच्या झाकणाचा स्क्रू काढला आणि जे दिसले ते पाहून ते स्वतःही क्षणभर थांबले. जुनी वायर मुळापासून काढलेलीच नव्हती. झाकणाच्या आत तिचा वीतभरही नसेल एवढा तुकडा तसाच ठेवून त्याला नवी वायर पिळून जोडली होती आणि वरून काळी टेप गुंडाळली होती. उष्णतेने ती टेप वितळून सरकली होती आणि फेजच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या, तारेचा एक केसासारखा बारीक धागा बाहेर येऊन धातूच्या झाकणाला टेकला होता. जुन्या तुकड्यातील हिरवी तार, म्हणजे अर्थिंगची तार, कापून तशीच लोंबकळत सोडलेली होती, कारण तिला जोडायला नव्या वायरीत तिसरी तारच नव्हती. बाहेरून ती वायर गोल, जाड आणि भरीव दिसत होती, तिच्या टोकाला तीन पिनांचा टॉपही होता. टॉप कापून पाहिला तेव्हा वरची जाड पिन केवळ प्लास्टिकमध्ये रोवलेली आढळली. तिला कुठलीच तार जोडलेली नव्हती.

भाऊंनी नव्या वायरीचा एक धागा ब्लेडने खरवडला, तर वरचा तांबूस थर निघून आत पांढरा धातू दिसला. ते तांब्याचा मुलामा दिलेले अॅल्युमिनियम होते. अॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६० टक्के असते, त्यामुळे त्याच जाडीच्या तारेतून तेवढीच वीज नेली तर ती अधिक तापते, शिवाय वारंवार वाकल्याने असे बारीक धागे लवकर तुटतात. १००० वॅटची इस्त्री २३० व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या जवळपास वीज घेते आणि तिची वायर दर कपड्यागणिक वळते, म्हणजे ही वायर जेथे सर्वांत कमी चालावी नेमकी तेथेच लावली गेली होती. वरचे आवरण साध्या पीव्हीसीचे होते. घरगुती पीव्हीसी वायर साधारण ७० अंशांपर्यंतच्या उष्णतेसाठी असते आणि सुती कपड्यांसाठी इस्त्रीचा तळ २०० अंशांच्या घरात जातो. तापलेल्या तळाला वायर कधी ना कधी लागतेच, म्हणून तर इस्त्रीच्या वायरीला रबराचे आणि त्यावर सुती विणीचे आवरण देण्याची पद्धत आहे. ती काही शोभेची वीण नाही.

आता त्या ४०० रुपयांच्या एलिमेंटविषयी. एलिमेंट बदलायचे तर वरच्या जड पट्टीचे नट काढावे लागतात. त्या नटांवर कित्येक वर्षांचा गंज जसाच्या तसा बसलेला होता आणि पान्याचा एकही ओरखडा उमटलेला नव्हता. एलिमेंटला कोणी हातसुद्धा लावला नव्हता. आयएसआय चिन्हाची, सुती विणीची, तीन तारांची नवी वायर मुळापासून बसवून, हिरवी तार तिच्या जागी कसून आणि वायरीवर ताण येऊ नये म्हणून असलेली पकड घट्ट करून भाऊंनी एकूण २३० रुपये घेतले.

पैशाचे दुःख मला फारसे नाही. राग आहे तो ती हिरवी तार जाणूनबुजून कापल्याचा. तीन तारांपैकी फेज आणि न्यूट्रल या दोन तारांवर उपकरण चालते आणि तिसरी चालवण्यासाठी नसतेच. आतली वीज धातूच्या अंगावर उतरली तर तिला माणसाच्या शरीराऐवजी जमिनीकडे जाणारी सोपी वाट मिळावी आणि फ्यूज किंवा एमसीबी उडावा, एवढ्यासाठी ती असते. टॉपवरची अर्थिंगची पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब आणि जाड ठेवतात, ती सॉकेटमध्ये सर्वांत आधी लागावी आणि सर्वांत शेवटी सुटावी म्हणून. ती तार गाळली तरी दिवा लागतो, तळ तापतो, गिऱ्हाईक समाधानाने घरी जाते, आणि हीच या फसवणुकीची सोय आहे. दुकानात ‘चालू करून दाखवले’ म्हणजे दुरुस्ती झाली असे नव्हे, कारण जी वस्तू चोरली गेली तिची उणीव चालू उपकरणात दिसतच नाही. नागपूरकरांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो, आणि लोखंडी कूलरला अर्थिंग नसणे हे त्यामागचे नेहमीचे कारण असते.

वायरीचे तुकडे आणि उघडलेल्या इस्त्रीचे फोटो घेऊन आम्ही सीताबर्डीच्या त्या दुकानात गेलो. आधी तर इस्त्री आपल्याकडची नव्हेच असे दुकानदार म्हणाला. चिठ्ठीवरचे अक्षर दाखवल्यावर “सगळे हीच वायर लावतात, काकू, आमच्याकडे कोणाचीच तक्रार नाही,” असे उत्तर मिळाले. ग्राहक आयोगाचा उल्लेख केल्यावर त्याने एलिमेंटचे ४०० रुपये परत केले, मात्र त्याच वायरींची भेंडोळी त्याच्या मागच्या भिंतीवर तशीच टांगलेली होती आणि आमच्या देखत त्यातील एक तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला देत होता.

अशा वेळी कायदा काय सांगतो, हे माहीत असावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ दुरुस्तीसारख्या सेवांनाही लागू आहे, आणि वस्तूची किंवा सेवेची पावती न देणे ही त्या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेथे मिटले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क पडत नाही. इस्त्री आणि घरगुती वायर या दोन्ही वस्तू आयएसआय चिन्हाशिवाय विकण्यास मनाई आहे. चिन्हासोबतचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या अॅपवर तपासता येतो आणि बनावट मालाची तक्रारही तेथे नोंदवता येते.

दुरुस्ती शक्यतो समोर बसून करून घ्यावी, जुनी वायर मागून घ्यावी आणि वायर नवी असल्यास कापलेल्या टोकाशी तीन वेगवेगळ्या रंगांच्या तारा दिसतात का ते पाहावे. हिरवी किंवा हिरवी-पिवळी तार अर्थिंगची असते. पैसे देण्यापूर्वी, टॉप सॉकेटमधून काढलेला असताना, मल्टिमीटरची एक टोचणी जाड पिनेला आणि दुसरी इस्त्रीच्या उघड्या धातूला लावायला सांगावी. मीटरने बीप दिला पाहिजे. बारीक पिन आणि धातू यांच्यात मात्र बीप येता कामा नये. दोन बारीक पिनांमध्ये १००० वॅटच्या इस्त्रीचा रोध ५३ ओहमच्या आसपास दिसतो, आणि एलिमेंट जळल्याचा दावा खरा की खोटा हे त्याच आकड्यावरून तेथल्या तेथे कळते. ही तपासणी करायला जो दुकानदार टाळाटाळ करतो, त्याच्याकडून उपकरण न उघडता परत घ्यावे. एक खुलासा आवश्यक आहे: ज्या उपकरणावर चौकोनात चौकोन असे चिन्ह असते ते दुहेरी आवरणाचे असते, त्याला मुळातच अर्थिंग लागत नाही आणि त्याची वायर दोन तारांचीच असते. तेथे दुकानदाराशी भांडू नये.

आमच्या इमारतीत ही हकीकत कळल्यावर त्याच दुकानातून वायर बदलून आणलेली शेजाऱ्यांची इस्त्री आणि कूलरच्या पंपाची वायर आम्ही मानेवाड्याच्या भाऊंना बोलावून तपासून घेतली. दोन्हींच्या टॉपवर जाड पिन होती आणि दोन्हींच्या आत तिला तार नव्हती. त्या वायरी काढून आयएसआयच्या बसवल्या आहेत आणि कापलेल्या तिन्ही वायरींच्या फोटोंसह ‘बीआयएस केअर’वर आमची एकत्रित तक्रार नोंदवली आहे.