डोंबिवलीतला सकाळचा योगवर्ग: घाम कमी, लक्ष जास्त

वजन उतरवायला वर्ग शोधत असाल तर इकडे फिरकू नका, हे आधीच सांगून टाकते. सव्वा तासात आसनं होतात जेमतेम सात-आठ. भराभर बारा सूर्यनमस्कार घालून मोकळं व्हायची सवय असलेल्यांचा जीव इथे मेटाकुटीला येतो.

वर्ग डोंबिवली पूर्वेला, एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये, पहाटे पावणेसहाला. शिकवणाऱ्या मॅडम लोणावळ्याच्या कैवल्यधाममध्ये शिकल्यात. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली काढलेली ती संस्था. ओढाताण नाही, झटके नाहीत, शेजारणीचं कपाळ गुडघ्याला टेकलं का हे बघणं तर अजिबात नाही.

याआधी मी जिथे गेले तिथे ध्यान म्हणजे शेवटची पाच मिनिटं. दिवे मालवायचे, मोबाइलवर बासरी लावायची. निम्मा वर्ग घोरतोय, उरलेल्यांचा जीव चपलांत. इथे ध्यान आसनापासूनच सुरू होतं. अर्धमत्स्येंद्रासन उजवीकडून झालं की लगेच डावीकडे वळायचं नाही. पाय सोडून, डोळे मिटून बसायचं. मॅडम विचारतात, "दोन्ही बाजू सारख्या वाटतायत का?" उत्तर मोठ्याने द्यायचं नसतं. सुरुवातीला मला काही म्हणजे काही जाणवत नसे. मग एकेक दिसू लागलं: डावा खांदा कायम वर, पुढे वाकताना श्वास कोंडलेला, पश्चिमोत्तानासनात दातांवर दात. हात पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचत नाही, त्याचा सगळा राग जबड्यात. हाच जबडा मार्चमध्ये ऑडिटवाले समोर बसले की आवळतो, हे एकदा ऑफिसात लक्षात आलं. आता आवळला की कळतं तरी. सुटतोच असं नाही.

पतंजलींच्या योगसूत्रांत आसनावर मोजून तीन सूत्रं आहेत. त्यातलं 'स्थिरसुखमासनम्', म्हणजे आसन स्थिर आणि सुखाचं असावं, हे कुठल्याही वर्गाच्या भिंतीवर सापडेल. लगेच पुढच्या सूत्रात प्रयत्न सैल करायला सांगितलंय, ते कोणी लिहीत नाही. मॅडम नेमकं तेच धरून बसल्यात. भुजंगासनात छाती उचलली की हमखास प्रश्न येतो, "यातला किती जोर नसला तरी चालेल?" मग कळतं की मांड्या आणि कपाळ उगाचच राबतायत.

शेवटी भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखा गुंजारव करत श्वास सोडणं, आणि वीस मिनिटं बैठक. मंत्र नाही, संगीत नाही, नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. मन भटकतंच, पण अंग आधीच सैल झालेलं असल्याने चुळबुळ फार कमी. गुडघेदुखीवाल्यांना खुर्ची मिळते आणि खुर्चीवाल्यांना कोणी कमी लेखत नाही. रक्तदाब असणाऱ्यांना मॅडम कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, करू देत नाहीत, हे मला फार आवडलं.

खटकणाऱ्या गोष्टी: पंखे खडखडतात. लग्नसराईत खाली आचारी सहालाच कांद्याची फोडणी टाकतात, मग कसला श्वास बघताय! पाच मिनिटं उशीर झाला तर दार बंद, रिक्षा मिळाली नाही ही सबब चालत नाही.

महिन्याचे 1,200 रुपये. पहिला आठवडा फुकट बसू देतात. सतरंजी घरून न्या, तिथल्या फार पातळ आहेत. सात वाजता सुटतो, त्यामुळे साडेसातची लोकल आरामात मिळते. बसायला जागा मात्र मिळत नाही.