दसऱ्याला घेतलेली वॅगनआर: गुहागरातला अनुभव

गाडी घ्यायची ठरली तेव्हा घरात दोन तट पडले. मुंबईच्या काकाचं म्हणणं, "घेतोस तर क्रेटा घे. गणपतीत खळ्यात (अंगणात) उभी राहिली की दिसली पाहिजे." आई म्हणाली, मला गुडघे न दुखता चढता-उतरता आलं म्हणजे झालं, बाकी तुमचं तुम्ही बघा. मी आईचं ऐकलं आणि वॅगनआर 1.2 पेट्रोल घेतली.

22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर 18 टक्के जीएसटी लागतो, त्यावरच्या गाड्यांना 40. छोट्या गाड्यांचा कर उतरल्यामुळे शोरूममध्ये जत्रा होती. कोटेशनमध्ये विमा, टेफ्लॉन कोटिंग, क्रोमच्या पट्ट्या सगळं न विचारता घुसवलेलं. पट्ट्या काढायला लावल्या, विमा बाहेरून काढला. शोरूमचाच विमा घ्या अशी सक्ती करता येत नाही, गोड बोलून पण ठाम सांगा. वाचलेल्या पैशांत गाडीच्या पोटाला अँटी-रस्ट मारून घेतलं. समुद्राजवळ राहणाऱ्याने क्रोमपेक्षा हे आधी करावं.

आमच्या वाडीची वाट दोन्ही बाजूंनी जांभ्या दगडाच्या गडग्यात, म्हणजे कुंपणाच्या भिंतीत, अडकलेली आहे. वॅगनआरची रुंदी 1620 मिलिमीटर, क्रेटाची 1790. कागदावर सतरा सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही; आमच्या वळणावर मात्र तेवढ्यावरच आरसा राहतो की जातो ते ठरतं. मे महिन्यात काका आपली मोठी गाडी घेऊन आला. ती वरच्या रस्त्यालाच लावावी लागली आणि त्याचं सामान आमच्या 'डब्या'तून खाली आलं. त्यावर तो काही बोलला नाही, फणस मात्र दोन नेले.

आंब्यात हिची खरी कमाई झाली. मागची सीट पाडली की हापूसचे क्रेट छताला टेकेपर्यंत रचता येतात. उंच, चौकोनी गाडीचा हा फायदा उतरत्या पाठीच्या गाडीत नाही. चिपळूणला माल टाकून यायचं आणि संध्याकाळी त्याच गाडीतून लग्नाला जायचं. वास आठवडाभर जात नाही, पण हापूसचाच वास, कोण तक्रार करणार? धोपाव्याहून फेरीबोटीत चढवतानाही कुठे घासली नाही.

पावसाळ्यात एक काळजी घ्या. गाडी दोन-चार दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, मागच्या ब्रेकचे ड्रम गंजून धरतात. सपाटीवर लावा, पहिला गिअर टाका, चाकाला दगड द्या. पुढच्या ब्रेकच्या डिस्कवर रात्रीत नारिंगी गंज दिसतो. दोन-तीनदा ब्रेक मारले की जातो, घाबरून मेकॅनिककडे पळू नये.

कुंभार्ली घाटात पाच माणसं आणि एसी असेल तर दुसऱ्या गिअरवर यावंच लागतं. गावात, बाजारात इंजिन मस्त.

लग्नाकार्यात "टॅक्सी घेतलीस काय रे?" हे ऐकायची तयारी ठेवा. मला त्याचं काही वाटत नाही. सुरक्षेचं मात्र वाटतं: 2023 च्या ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत हिला मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी एकच तारा मिळाला होता. आता सहा एअरबॅग येतात, पण सांगाडा तोच. दर महिन्याला हायवेने मुंबई गाठणाऱ्याने थोडे पैसे जास्त घालून चांगल्या ताऱ्यांची गाडी बघावी. आमची धाव चिपळूण-दापोलीपर्यंत.