टी की फ्रंट टॉस? बेसबॉल-सॉफ्टबॉलमध्ये लहान मुलांचा बॅटचा स्विंग सुधारायला आधी काय

टी म्हणजे बॉल ठेवायचा उभा स्टँड. तिच्यावर बॉल हलत नाही आणि हाच तिचा सगळ्यात मोठा फायदा, कारण टायमिंगचं टेन्शन नसतं आणि सगळं लक्ष शरीरावर देता येतं, म्हणजे पुढचा पाय टेकला का, मग कंबर फिरली का, हात त्याच्या मागून आले का. बरीच लहान मुलं उलटं करतात, आधी हात फेकतात आणि कंबर तशीच राहते, मग जोर येणार कुठून? फक्त टी ची जागा बदलत रहा प्लीज. आतला, म्हणजे अंगाजवळचा बॉल प्लेटच्या (बॅटरजवळची जमिनीवरची पाटी) पुढे मारायचा असतो, बाहेरचा, म्हणजे अंगापासून लांबचा, थोडा मागे, आणि टी कायम मधोमध ठेवली तर मुलाला तेवढा एकच बॉल मारता येतो.

फ्रंट टॉसमध्ये कोच जाळीच्या आडून समोरून अंडरहँड बॉल टाकतो. इथे टायमिंग आलं, त्यामुळे टी वर मस्त दिसणारा स्विंग इथे गडबडतो कारण पाय कधी उचलायचा तेच कळत नाही. सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींना तर हे हवंच, मोठ्या वयोगटात पिचर, म्हणजे बॉल टाकणारी, ४३ फुटांवर असते (मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये ६० फूट ६ इंच), आणि बॉल खालून येतो, विचार करायला वेळच मिळत नाही.

नवीन मुलांना मी आधी टी च देईन, पण त्याच दिवशी शेवटी थोडा टॉस पण, आणि टॉसवर कंबर थांबायला लागली की परत टी. बॅट जड असेल तर मात्र ती आधी बदला.