जत्रेतल्या जागांची सोडत: संगणकाचे आकडे घ्यावेत की खरे यादृच्छिक?

सरपंचपदाच्या आरक्षणाची चिठ्ठी आपल्याकडे लहान लेकराच्या हातून काढतात. सगळ्यांसमोर निघते म्हणून लोक ती मानतात. आता मराठवाड्यातल्या एखाद्या ग्रामपंचायतीला जत्रेतल्या दुकानांच्या जागा संगणकावर वाटायच्या असतील, तर चिठ्ठीसारखे आधी ओळखता न येणारे, म्हणजे यादृच्छिक, आकडे आणायचे कुठून?

संगणक सीड नावाच्या एका संख्येपासून ठरलेले गणित करत जातो. सीड तेच दिले की यादीही तीच येते. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या नेहमीच्या रँडम या आकडे देणाऱ्या सोयीमागे १९९७ मध्ये जपानमध्ये रचलेली मर्सेन ट्विस्टर पद्धत आहे. तिचे चक्र, म्हणजे आकडे पुन्हा पहिल्यापासून येईपर्यंतची लांबी, अवाढव्य, तरी तिचे सलग ६२४ पूर्ण आकडे कुणाच्या हाती लागले तर पुढचे सगळे त्याला काढता येतात. म्हणून ओटीपी, पासवर्डसाठी ती वापरूच नये. तिथे पायथनचीच सीक्रेट्स ही गुपितांसाठी केलेली सोय घ्यावी. लहान सीडचीही अडचण आहे. ३२ बिटांची, म्हणजे ० किंवा १ असे ३२ अंक लिहून होणारी, सीड सुमारे ४२९ कोटीच असतात, आणि फक्त १३ नावांचे क्रम ६२२ कोटींवर जातात. उरलेले क्रम कधीच निघणार नाहीत.

विद्युत गोंगाट (सर्किटमधले विजेचे अनियमित चढउतार) किंवा किरणोत्सर्गातून येणाऱ्या खऱ्या यादृच्छिक आकड्यांना सीड नसते, अंदाजही लागत नाही. पण कुणी हरकत घेतली तर तीच सोडत पुन्हा चालवून दाखवता येत नाही. हाताने काढलेली सोडतही आपोआप निर्दोष होत नाही. अमेरिकेत डिसेंबर १९६९ मध्ये सैन्यभरतीसाठी जन्मतारखांची सोडत झाली. तारखांच्या चिठ्ठ्या ठेवलेल्या कुप्या नीट न मिसळल्याने वर्षअखेरीस जन्मलेल्यांचा नंबर लवकर लागला.

परभणीच्या कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणी सोयाबीनच्या वाणांना वाफे नेमताना संगणकाचे आकडे पुरतात, सीड तेवढे नोंदवहीत लिहावे. कारण वाफ्यांना कुणी आधी ओळखून फायदा घेणार नसतो. जत्रेच्या जागांचे तसे नाही. तिथे सीड कोण ठरवतो हाच खरा प्रश्न, आणि ते एकट्या ग्रामसेवकाच्या किंवा ऑपरेटरच्या हाती नसावे असे मला ठामपणे वाटते. एक्सेलमधले आकडे देणारे रँड हे सूत्र तर नकोच. शीटमध्ये काहीही बदलले की आकडे बदलतात, मनासारखी यादी येईपर्यंत बटण दाबता येते.

मी दोन्हींची जोड घेईन. आधी नावांची यादी आणि प्रोग्राम फळ्यावर जाहीर करून गोठवायचा. मग दुकानदारांनीच आळीपाळीने एक फासा ५० वेळा टाकायचा. त्यातून १२८ बिटांहून जास्त अनिश्चितता मिळते. ते ५० आकडे ओळीने लिहून तेच सीड द्यायचे, आणि ज्याला शंका असेल त्याने घरच्या लॅपटॉपवर तोच प्रोग्राम चालवून यादी ताडून पाहायची.