ब्लॅक बॉल लाइन, न्यूयॉर्क–लिव्हरपूल: तारीख पाळणारी जहाजं

अटलांटिक ओलांडणाऱ्या शिडाच्या जहाजांची पारख करताना पहिला प्रश्न वेगाचा नाही, सुटण्याच्या दिवसाचा. 1818 पूर्वी मालकालाही तो दिवस सांगता येत नसे. माल पुरेसा भरला आणि वारा मिळाला की नांगर उचलायचा, आणि तोवर प्रवाशाने बंदरावरच्या खानावळीत पैसे मोडत बसायचं. प्रवासाला निघण्याआधीच अर्धी पुंजी संपलेली कुटुंबं लिव्हरपूलच्या धक्क्यावर नेहमी दिसत.

ब्लॅक बॉल लाइन या जहाज कंपनीने हीच अडचण दूर केली. चार जहाजं, दर महिन्याला दोन्ही बंदरांतून एक फेरी, तळ भरलेला असो वा रिकामा. 5 जानेवारी 1818 रोजी बर्फ पडत असताना 424 टनांचं ‘जेम्स मन्रो’ अवघे 8 प्रवासी घेऊन न्यूयॉर्कहून निघालं आणि 2 फेब्रुवारीला लिव्हरपूलला पोचलं. उलट दिशेने निघालेल्या ‘कुरियर’ला मात्र दीड महिन्याहून जास्त लागला. सुटण्याची तारीख कंपनी पाळे, पण पोचण्याची तारीख वाऱ्याच्याच हाती राही. अटलांटिकच्या या पट्ट्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो. त्यामुळे युरोपकडे जाताना सरासरी तीन-साडेतीन आठवडे, तर अमेरिकेकडे येताना वाऱ्याशी झगडत, नागमोडी वाट काढत साडेपाच आठवड्यांच्या आसपास लागत. पश्चिमेकडे निघणाऱ्याने सरासरीवर विसंबू नये, दहा आठवड्यांची शिधासामग्री धरावी.

केबिनची सोय उत्तम. भाडं सुमारे 40 गिनी (जुनं इंग्लिश नाणं), त्यात जेवण आणि वाईनही आली. खोली साधारण सात फूट लांब-रुंद. डेकवर गाय, मेंढ्या, डुकरं, कोंबड्या बांधलेल्या असत, म्हणून दूध, अंडी, ताजं मटण शेवटच्या आठवड्यापर्यंत मिळे. केबिनच्या भाड्यात कप्तानाचाही वाटा असे, त्यामुळे जेवणाच्या टेबलाकडे तो जातीने लक्ष देई.

स्टिअरेजची, म्हणजे स्वस्त वर्गाची, गोष्ट वेगळी. वरचा डेक आणि तळातला माल यांच्यामधला हा मजला. पहिल्या वर्षांत इथे मालच जास्त असे. पुढे स्थलांतरितांची गर्दी वाढली, तेव्हा कच्च्या फळ्यांचे दुमजली बाक ठोकले गेले. सहा फुटी चौकोनात चौघं, म्हणजे माणशी जेमतेम अठरा इंच. अंथरूण, भांडी, शिधा सगळं आपलं. स्वयंपाक डेकवरच्या एकदोन चुलींवर. शंभर जणांची रांग, त्यात लाट आली की विस्तव विझला. मग अर्धकच्चं ओटचं पीठ खायचं, आणि हगवण लागायची ती इथूनच. वादळात डेकवरची झाकणं बंद झाली की खाली ना हवा, ना उजेड. ओल आणि उवा यांच्या जोडीने टायफसचा ताप पसरे. हे बघून मन कळवळतं, कारण यातलं बरंचसं टाळता येण्याजोगं होतं.

1819 च्या अमेरिकी कायद्याने जहाजाच्या दर पाच टनांमागे दोनच प्रवासी ठरवून दिले. युरोपकडे जाणाऱ्या जहाजावर माणशी 60 गॅलन पाणी, 100 पौंड खारवलेलं अन्न, 100 पौंड बिस्किटं आणि एक गॅलन व्हिनेगर सक्तीचं केलं. मेख अशी की शिध्याची ही सक्ती अमेरिका सोडणाऱ्या जहाजांना होती, गर्दी मात्र उलट दिशेला.

व्हिनेगर चैनीचं नव्हतं. लाकडी पिंपातलं पाणी पंधरवड्यात कुबट होई, त्यात थोडं घातलं की घशाखाली उतरे. बाक आणि फळ्या धुवायलाही तेच. शिध्यात ओटचं पीठ आणि कडक बिस्किटं मुख्य ठेवावीत. बटाटे लवकर संपवावेत, ओलीत ते आधी कुजतात.

वेगाची किंमतही असे. वेळ गाठायची म्हणून हे कप्तान रात्रीही शिडं फारशी कमी करत नसत. पण याच लाइनच्या ‘आल्बियन’ जहाजाचा घात एका वादळी लाटेने केला. एप्रिल 1822 मध्ये तिने डोलकाठ्या मोडून नेल्या आणि निराधार जहाज वाऱ्याने आयर्लंडच्या किन्सेलजवळच्या खडकांवर लोटलं. 54 पैकी फक्त 9 जण वाचले. किनारा जवळ असताना शिडं गेली की जहाजाच्या हाती काही उरत नाही, बांधणी कितीही भक्कम असो.

केबिन परवडत असेल तर पूर्वेकडच्या फेरीसाठी या काळात याहून भरवशाचं काही नव्हतं. त्याच 1822 मध्ये फेऱ्या महिन्याला दोन झाल्या आणि रेड स्टारसारखे स्पर्धकही उतरले. स्टिअरेजने जायचंच असेल तर जहाजाच्या मध्यावरची जागा धरावी. पुढच्या आणि मागच्या टोकांना हेलकावे सर्वांत जास्त बसतात. मुख्य झाकणाच्या थेट खाली मात्र झोपू नये. तिथे हवा खेळते, पण पहिल्या लाटेचं पाणीही तिथेच पडतं. बाजूचा वरचा बाक बरा, म्हणजे वरच्या आजाऱ्याची उलटी अंगावर येत नाही.